मुंतसिर, गुलाम अब्बास

भारतीय बास्केटबॉलपटू, भारतीय संघाचे माजी कर्णधार आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. क्रीडारसिकांत अब्बास मुंतसिर या नावाने परिचित. त्यांचा खेळ मुंबईतील नागपाड्यात घडला. या वस्तीला वगळून त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही.

भायखळा आणि मुंबई सेंट्रल यांच्यामधली ही कामगारांची, दाटीवाटीची वस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात येथे नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र उभे केले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा आरंभही १९३६ मध्ये येथूनच झाला. अमेरिकेत १८९१ साली जेम्स नाइस्मिथ यांनी शोधलेला बास्केटबॉलचा खेळ नागपाड्यात रुजला, याला नेबरहूड हाऊसचा व येथील मस्तान वायएमसीएचा मोठा हातभार लागला. जागेचे गणितही सोयीचे होते. क्रिकेटला मैदान हवे. बास्केटबॉलला २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद अंगण पुरते, आणि एका चेंडूवर दहा मुले खेळतात. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने गल्लीतल्या मुलांना शिस्तीने खेळायला शिकवले. महापालिकेच्या तेथील मैदानाला आज त्यांचेच नाव आहे.

याच मातीतून मुंतसिर पुढे आले. चेंडूवरील हुकमत आणि प्रेक्षकांना खिळवून ठेवणारा खेळ ही त्यांची ओळख. त्यांच्या आधी सरबजित सिंग (१९६१), खुशी राम (१९६७), गुरदयाल सिंग (१९६८) व हरी दत्त (१९६९) या बास्केटबॉलपटूंना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. सेनादले आणि उत्तरेकडील राज्ये यांचा वरचष्मा असलेल्या त्या काळात मुंबईच्या एका मोहल्ल्यातील खेळाडूने या मालिकेत स्थान मिळवले, ही मोलाची गोष्ट आहे. मुंतसिर यांची पिढी भारतीय बास्केटबॉलमधील सर्वांत कर्तबगार म्हणावी लागेल. १९७५ च्या बँकॉक येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. त्या स्पर्धेतील भारताची ती सर्वोत्तम कामगिरी.

त्यांच्या काळी भारतात व्यावसायिक लीग नव्हती. चांगल्या खेळाडूला रेल्वे, सेनादल, पोलीस किंवा एखादी बँक नोकरी देई आणि तो त्या संघाकडून खेळे. पगार नोकरीचा, खेळ देशाचा, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे आजच्या अर्थाने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणता येत नाही; पण योग्यतेत ते कोणत्याही व्यावसायिक खेळाडूच्या पंक्तीत बसतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने भारतातील आपले पहिले सामने मुंबईतच, वरळी येथे भरवले. इंडियाना पेसर्स व सॅक्रमेंटो किंग्ज हे संघ त्यांत खेळले. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनही आद्याक्षरांनी एनबीएच होते, आणि वरळीपासून थोड्याच अंतरावरच्या या वस्तीत तोवर कित्येक पिढ्या हा खेळ खेळल्या होत्या.