वाळूच्या हौदाची फट

बालवाडीतल्या वाळूच्या हौदात मुलांनी हवे ते करावे. वाळू मात्र बाहेर सांडू नये. जावा या संगणकभाषेच्या कर्त्यांनी हीच कल्पना उचलली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये ही भाषा जाहीर केली. तिच्यातली छोटी आज्ञावली, म्हणजे ॲप्लेट, इंटरनेटवरील पानाबरोबर आपल्या संगणकात उतरे आणि लगेच चालू लागे. परक्याची आज्ञावली घरात घ्यायची, म्हणून तिला बंधने घातली. आपल्या फायलींना हात लावायचा नाही आणि ज्या संगणकाकडून आलो, त्याच्याखेरीज कोणाशी बोलायचे नाही.

हे दुसरे बंधन का? कचेरीतल्या संगणकांभोवती सुरक्षा-भिंत असते. ॲप्लेट मात्र भिंतीच्या आत येऊनच चालते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन व डॅन वॉलॅक यांनी हे बंधन निसटते असल्याचे दाखवले. समजा, वसतिगृहातल्या मुलाने फक्त स्वतःच्या घरी जावे असा नियम आहे. पहारेकरी चोख आहे. पण पत्ता तो मुलाच्या घरून आलेल्या चिठ्ठीवरूनच पाहतो, आणि चिठ्ठीत पत्ते दोन आहेत! इंटरनेटवर नावावरून क्रमांकी पत्ता सांगणारे संगणक असतात, आणि आपल्या नावांपुरता असा संगणक ज्याचा त्याला चालवता येतो. एका नावाचे अनेक पत्ते असणेही रीतसरच. हल्लेखोराने आपल्या नावापुढे स्वतःचा आणि भिंतीआडच्या एखाद्या संगणकाचा, असे दोन पत्ते सांगितले की काम झाले. यादीतला एखादा पत्ता जुळतो ना, एवढेच जावा पाही. तो जुळे, आणि ॲप्लेट आतल्या संगणकाशी बोलू लागे. नियम कोठेच मोडलेला नसे, ही आम्हांला यातली खरी मौज वाटते.

उपाय सोपा होता: ॲप्लेट प्रत्यक्ष ज्या क्रमांकावरून आले, तोच लक्षात ठेवायचा. मार्चमध्ये ही दुरुस्ती झाली. त्याच महिन्यात या तिघांना आज्ञावली तपासणाऱ्या भागातच आणखी मोठी चूक सापडली. हौदातून बाहेर पडण्याच्या वाटा पुढेही निघत राहिल्या. जानेवारी २०१३ मध्ये तर अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने न्याहाळकातली जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. ॲप्लेट मागे पडली, आणि २०२५ च्या २४व्या आवृत्तीत हौदाचा पहारेकरीही कायमचा निवृत्त झाला.