ते अस्वल, ती आई

मराठी व्याकरण रचणाऱ्यांपैकी एकही जण अस्वलाच्या शिकारीला गेला नसावा, अशी माझी समजूत आहे. तो वाघ, तो लांडगा, ती घार, इथपर्यंत सगळं ठीक. पण अस्वलापाशी येताच मंडळी गडबडली आणि ‘ते’ म्हणून मोकळी झाली. समोर दहा हातांवर काळं धूड उभं असताना त्याचं लिंग विचारण्याची छाती कुणाला होणार, हेही खरंच म्हणा!

शिकाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नसे. पिलं बरोबर असलेल्या मादीवर बंदूक उचलायची नाही, हा शिकारीतला जुना दंडक. अमेरिकेत काळ्या अस्वलाची शिकार आजही परवाना घेऊन चालते, आणि तिथल्या अनेक राज्यांत अशी मादी मारणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तिथल्या शिकाऱ्याला आधी शिकवणी घ्यावी लागते. नराचं डोकं रुंद, कान लहान आणि दूरदूर. मादीचा चेहरा निमुळता, वगैरे. मुलगी पाहायला जाताना आपल्याकडे एवढा अभ्यास कुणी करत नाही. बरं, एवढं करूनही भागत नाही. तिकडची मादी धोका दिसताच पोरांना झाडावर चढवते. खाली ती एकटीच दिसते. म्हणून घाई न करता आसपासच्या फांद्याही न्याहाळाव्यात, असं शिकवतात.

आपली अस्वलीण त्या मानाने सरळ बाई. ती पोरांना पाठीवरच बसवते. तिच्या खांद्यांवर लांबलचक केसांची झूल असते. ती घट्ट धरून पिलं, बहुधा दोन, जत्रेला निघाल्याच्या थाटात बसलेली असतात. सहा ते नऊ महिन्यांची होईपर्यंत हा प्रवास चालतो. जुने शिकारी पहाटे डोंगरावर दबा धरून बसत आणि रात्रभर वाळव्या खाऊन गुहेकडे परतणारी अस्वलं हेरत. त्या अंधूक उजेडातही पाठीवरचं ते गाठोडं दिसलं की ओळख पटायची.

नाहीतर एरवी ओळखीच्या बाबतीत माणसाची गती यथातथाच. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज विद्वानाने १७९१ साली आपल्या अस्वलाची लांब नखं आणि वरचे पुढचे दोन दात नसलेलं तोंड पाहिलं आणि ते अस्वलच नव्हे, झाडाला उलटा लटकणारा ‘स्लॉथ’ आहे, असं ठरवून टाकलं. पुढे १८१० च्या सुमाराला एक जिवंत अस्वल फ्रान्सला पोचलं, तेव्हा कुठे खुलासा झाला. पण इंग्रजीत त्याचं नाव ‘स्लॉथ बेअर’ पडलं ते पडलंच.

आमच्या हिंगोलीनेही या बाबतीत फार मिजास करू नये. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती; रिसाला बाजार हे नाव अजून तिची साक्ष देतं. त्या छावणीच्या काळात इथला एक प्रतिष्ठित व्यापारी हरीसिंग हाच या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. मेडोज टेलरने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिगत नोंदवली आहे. खुद्द टेलरसाहेबांनी त्याच्याशी व्यवहार केला होता. साहेबाला ठग ओळखता आला नाही, कारण ठगाच्या पाठीवर काही बसलेलं नव्हतं!

स्वतंत्र भारताने हा जुना दंडक कायद्यात लिहून घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पंधरावं कलम म्हणत होतं, की खास परवान्याशिवाय पिलांसह असलेल्या मादीची शिकार करू नये. १९९१ साली ते कलम गळालं, कारण परवाना काढून करायची हौसेची शिकारच बंद झाली. मादी ओळखण्याची परीक्षाच रद्द झाली आणि सगळे पास झाले.

पण पाठीवरची ती खूण वाचणारा आणखी एक जण होता. त्याला परवाना लागत नव्हता. शिकाऱ्याला ती खूण म्हणायची, ‘थांब.’ पिलं पकडून विकणाऱ्याला तीच म्हणायची, ‘हीच ती.’ आई जिवंत असेपर्यंत पिलू हाती लागत नाही. म्हणून आधी आई मारायची. मग पिलाचे दात पाडायचे, तापलेल्या सळईने नाकाड भोसकून वेसण घालायची आणि गावोगाव नाचवायचं.

माझ्या लहानपणी हिंगोलीत असा दरवेशी यायचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. डमरू वाजला की सगळी आळी गोळा. अस्वलाचा केस ताइतात घातला की पोराला नजर लागत नाही आणि अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते, अशी आयाबायांची श्रद्धा. दरवेशी हातावर पोट असलेला गरीब माणूस. चार आण्यांत दोन्ही गोष्टी करून द्यायचा. आजीने मलाही बसवलं होतं. वेसण ओढलेली होती, त्यामुळे भिण्यासारखं काही नव्हतंच.

२००९ साली देशातलं शेवटचं नाचणारं अस्वल सोडवल्याचं जाहीर झालं. दरवेशांच्या हातची अस्वलं आग्र्याजवळच्या आणि इतर आश्रयस्थानांत नेली गेली. तिकडे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आपली आपण राहतात.

माझी भीती त्या दिवशी गेली का, ते ठाऊक नाही. पण एसटीत महिलांच्या राखीव जागेवर बसलो तरी मला हल्ली अस्वल आठवतं. ती पाठही राखीवच होती. फक्त तशी पाटी लावलेली नव्हती.