उद्योगातील यश राष्ट्राच्या नेतृत्वास पुरेसे ठरते का?

एखादा यशस्वी उद्योजक राजकारणात उतरला की ‘ज्याने कंपनी नफ्यात चालवली, तो देशही नीट चालवील’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. वेळेवर काम, खर्चावर नियंत्रण आणि तत्पर निर्णय या गुणांची सरकारी कारभारात उणीव भासत असल्याने अनेक मतदारांना तो पटतो. गेल्या शंभर वर्षांत अमेरिका, इटली, थायलंड आणि चिली या देशांनी उद्योजकांच्या हाती सत्ता सोपवली. त्यांच्या कारकिर्दी तपासल्या असता एक बाब स्पष्ट होते. उद्दिष्ट निश्चित असलेली मोहीम पार पाडण्यास उद्योगाचा अनुभव उपयोगी पडतो. मात्र उद्दिष्ट कोणते असावे याविषयीच समाजात मतभेद असतात, तेव्हा तो अपुरा ठरतो.

दोन क्षेत्रांतील फरक

कंपनीचा प्रमुख संचालक मंडळास व भागधारकांस उत्तरदायी असतो. तोट्यातील विभाग त्याला बंद करता येतो, विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यास दूर करता येते. पंतप्रधान वा राष्ट्राध्यक्ष यांना तोट्यातील जिल्हा बंद करता येत नाही, की विरोधात मतदान करणाऱ्या नागरिकांना वगळता येत नाही. अर्थसंकल्पाला कायदेमंडळाची मंजुरी लागते आणि निर्णय न्यायालयाच्या कसोटीस उतरावे लागतात. कंपनीचे यश मुख्यतः नफ्यावर मोजले जाते. सरकारला रोजगार, महागाई, सुरक्षा आणि न्याय यांचा एकाच वेळी मेळ घालावा लागतो.

हूव्हर आणि महामंदी

अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हे खाण अभियंते होते. ऑस्ट्रेलिया व चीनमधील खाणींच्या कामातून त्यांनी संपत्ती व कीर्ती मिळवली. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपासमार होत असलेल्या जनतेला अन्न पोहोचविण्याचे प्रचंड कार्य त्यांनी संघटित केले. १९२१ पासून ते वाणिज्यमंत्री होते. १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवड होण्यापूर्वी त्यांनी कोणतेही निर्वाचित पद भूषविले नव्हते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विरोध केला असतानाही हूव्हर यांनी १९३० मध्ये आयात शुल्क वाढविणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तूट भरून काढण्यासाठी १९३२ मध्ये आयकराचा कमाल दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेण्यात आला. उत्पन्न घटल्यावर जमाखर्चाचा मेळ घालणे कंपनीसाठी शहाणपणाचे असते; परंतु मंदीत सरकारनेही तोच मार्ग धरल्यास लोकांची क्रयशक्ती आणखी घटते. १९३३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेरोजगार झाले होते. १९३२ च्या निवडणुकीत ४८ पैकी केवळ सहा राज्ये हूव्हर यांच्या पाठीशी राहिली.

याच्या उलट उदाहरण हॅरी ट्रूमन यांचे आहे. कॅन्सस सिटी येथील त्यांचे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान १९२२ मध्ये बुडाले आणि त्याचे कर्ज ते अनेक वर्षे फेडत राहिले. पुढे स्थानिक प्रशासन व सिनेट यांतील दीर्घ अनुभवानंतर १९४५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या पुनर्बांधणीची मार्शल योजना त्यांच्या काळातली. काँग्रेसमध्ये विरोधी पक्षाचे बहुमत असताना त्यांनी ती १९४८ मध्ये संमत करून घेतली.

थायलंड आणि चिली

दूरसंचार उद्योजक थाक्सिन शिनावात्रा २००१ मध्ये थायलंडचे पंतप्रधान झाले. प्रांतांच्या राज्यपालांनी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याप्रमाणे काम करावे, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. केवळ ३० बाट शुल्कात उपचार देणारी आरोग्य योजना अल्पावधीत देशभर लागू झाली आणि त्यांच्यानंतरही टिकली. परंतु लक्ष्य ठरवून देण्याची हीच पद्धत २००३ मध्ये अमली पदार्थविरोधी मोहिमेत वापरली गेली, तेव्हा दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा बळी गेला. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी शिन कॉर्पोरेशनमधील हिस्सा सिंगापूरच्या टेमासेक कंपनीला सुमारे ७,३०० कोटी बाटना करमुक्त विकला. या व्यवहारावरून आंदोलने तीव्र झाली आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

चिलीचे सेबॅस्टियन पिनेरा यांनी क्रेडिट कार्ड व विमान वाहतूक व्यवसायात संपत्ती मिळवली. ते आठ वर्षे सिनेटरही होते. त्यांच्या पहिल्या कार्यकाळात, २०१० मध्ये, खाणीत ६९ दिवस अडकलेल्या ३३ कामगारांची सुखरूप सुटका झाली. जगभरातून तज्ज्ञ व यंत्रे गोळा करून पार पाडलेले ते काम कार्यक्षमतेचा नमुना मानले जाते. दुसऱ्या कार्यकाळात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, राजधानी सँटियागोतील मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढताच देशभर असंतोष उसळला. भाडेवाढ मागे घेऊनही तो शमला नाही. लोकांची तक्रार भाड्यापुरती नव्हती. निवृत्तिवेतन, शिक्षण व आरोग्य यांतील विषमतेबद्दल होती. अखेर १५ नोव्हेंबरला राजकीय पक्षांनी नव्या राज्यघटनेबाबत सार्वमत घेण्याचा समझोता केला, तेव्हा मार्ग निघाला.

हितसंबंधांचा प्रश्न

इटलीचे सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी बांधकाम व दूरचित्रवाणी क्षेत्रांतून राजकारणात प्रवेश केला. १९९४ पासून ते तीन वेळा सत्तेवर आले आणि एकूण नऊ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान राहिले. खासगी दूरचित्रवाणीचे मोठे जाळे त्यांच्या मालकीचे असताना सरकारी प्रसारणावरही त्यांच्या शासनाचा प्रभाव होता. त्यामुळे प्रत्येक माध्यमविषयक निर्णयाकडे संशयाने पाहिले गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये सरकारी रोख्यांवरील व्याजदर सात टक्क्यांवर गेल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला.

अमेरिकेत २०१६ मध्ये निवडून आलेले डोनाल्ड ट्रम्प हे राजकीय वा लष्करी सेवेचा पूर्वानुभव नसलेले पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. वाटाघाटींतील कौशल्य हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य आधार होता. सीमेवरील भिंतीसाठी त्यांनी ५७० कोटी डॉलरची मागणी केली आणि त्यावरून २०१८-१९ मध्ये सरकारचे कामकाज ३५ दिवस अंशतः ठप्प झाले. काँग्रेसने अखेर सुमारे १३७.५ कोटी डॉलरच मंजूर केले.

भारतातील अनुभव

स्वतंत्र भारतात उद्योगसमूहाच्या प्रमुखपदावरून थेट पंतप्रधानपदी कोणी पोहोचलेले नाही. मंत्रिमंडळात मात्र उद्योगजगताला स्थान मिळाले. टाटा समूहाचे संचालक राहिलेले आणि १९४४ च्या ‘मुंबई योजने’चे एक शिल्पकार जॉन मथाई हे अर्थमंत्री झाले. नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद झाल्याने त्यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला. नवल टाटा यांनी १९७१ मध्ये दक्षिण मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेची निवडणूक लढविली. त्यांना यश आले नाही.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. २००९ मध्ये ते आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक देण्यात आला आणि काही वर्षांतच कोट्यवधी नागरिकांची नोंदणी झाली. परंतु योजनेला संसदेच्या कायद्याचा आधार २०१६ मध्येच मिळाला. खासगीपणाच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने योजना वैध ठरवून खासगी कंपन्यांकडून होणाऱ्या वापरावर निर्बंध घातले. यंत्रणा उभारणे हे एक काम आणि तिला लोकशाहीची मान्यता मिळवणे हे दुसरे, हे त्यातून दिसले. निलेकणी स्वतः २०१४ मध्ये दक्षिण बंगळुरूमधून लोकसभेची निवडणूक हरले.

निष्कर्ष

उद्योगाचा अनुभव राष्ट्रीय नेतृत्वासाठी निरुपयोगी नाही. बेल्जियमची अन्नमदत, थायलंडची आरोग्य योजना आणि चिलीतील खाण कामगारांची सुटका यांतून त्याचे मोल सिद्ध होते. परंतु हुकूम देऊन काम करून घेणे आणि ज्यांना हुकूम देता येत नाही त्यांची संमती मिळवणे ही भिन्न कौशल्ये आहेत. म्हणून उमेदवार उद्योजक असल्यास त्याने किती नफा मिळवला यापेक्षा तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात : सार्वजनिक जीवनात त्याने पूर्वी काय केले आहे, स्वतःच्या व्यवसायाशी असलेले हितसंबंध तो कसे तोडणार आहे आणि संसदेने वा न्यायालयाने नकार दिल्यास तो कसा वागेल.