रॉबर्टसन, ॲलन

रॉबर्टसन, ॲलन : (११ सप्टेंबर १८१५ – १ सप्टेंबर १८५९). स्कॉटिश गोल्फपटू आणि गोल्फच्या चेंडूंचा कारागीर. जन्म व मृत्यू सेंट अँड्रूझ येथे. पहिला व्यावसायिक गोल्फपटू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याचे आजोबा व वडील चेंडू बनवीत आणि कॅडीचे (खेळाडूचे साहित्य वाहण्याचे) काम करीत. तोच धंदा त्याने पुढे चालवला. व्यावसायिकाचे घर तेव्हा पैजेचे सामने, क्लबच्या सभासदांबरोबर खेळण्याची मजुरी आणि चेंडूंची विक्री यांवर चाले. म्हणून रॉबर्टसनची कारकीर्द समजून घ्यायची, तर मैदानाआधी त्याच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागते. त्याचा कारखाना तिथेच होता.

चेंडू पिसांचा असे. बैलाच्या कातड्याचे तुकडे तुरटीच्या पाण्यात भिजवून शिवायचे, शिवण आत जाईल असे उलटायचे आणि ठेवलेल्या लहानशा फटीतून टोपीभर उकडलेली हंसपिसे दांड्याने, छातीचा जोर लावून ठासायची. वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू टणक होई. वर पांढरा रंग. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीन-चारच उतरत, त्यामुळे ते महाग पडत. गोल्फपटू टॉम मॉरिस (थोरला) हा कामही त्याच्याच हाताखाली शिकला.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या वाळलेल्या चिकाचे) स्वस्त चेंडू आले. रॉबर्टसनने ते विकत घेऊन जाळल्याचे सांगतात. मॉरिस अशा चेंडूने खेळल्याचे कळताच दोघांत बिनसले आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेला. रॉबर्टसनच्या या विरोधाला निव्वळ हटवादीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पिढीजात पोटापाण्याचाच तो प्रश्न होता. पुढे रॉबर्टसनने स्वतः गटापर्चाचे चेंडू बनवले, आणि होलभोवतालच्या हिरवळीजवळच्या फटक्यांसाठी लाकडी काठीऐवजी क्लीक ही लोखंडी काठी वापरण्याची चालही बरीचशी त्याच्यामुळे रुळली.

त्याचा सर्वांत गाजलेला सामना १८४९ चा. मसलबरोच्या विली व जेमी डन या जुळ्या भावांविरुद्ध रॉबर्टसन-मॉरिस जोडी ४०० पौंडांच्या पैजेवर उतरली. एका चेंडूवर जोडीदारांनी आळीपाळीने फटके मारायचे, आणि तीनपैकी दोन मैदाने जिंकायची, असा करार होता. मसलबरोत डन बंधूंनी त्यांचा धुव्वा उडवला. सेंट अँड्रूझने बरोबरी साधून दिली. नॉर्थ बेरिकला आठ होल उरले असताना रॉबर्टसन-मॉरिस जोडी चार होलनी मागे होती. तिथून त्यांनी सामना ओढून आणला. अखेरीस डन यांचा चेंडू दगडाआड अडकला. तो मागे काढण्याऐवजी ते त्वेषाने फटके मारत राहिले आणि होल गमावून बसले. रॉबर्टसनचे मोठेपण अशाच वेळी दिसे. तो ताकदीचा नव्हे, तर डोके शांत ठेवण्याचा खेळाडू होता. मात्र मसलबरोच्याच तरुण विली पार्कचे एकेरी आव्हान त्याने स्वीकारले नाही, ही उणीव त्याच्या कीर्तीत राहतेच.

१८५८ मध्ये सेंट अँड्रूझच्या ओल्ड कोर्स मैदानावर त्याने ७९ फटक्यांत फेरी पूर्ण केली; तिथे ८० च्या आतली ही पहिली नोंद. पुढच्याच वर्षी काविळीने त्याचा मृत्यू झाला. आता सर्वश्रेष्ठ कोण, हे ठरवायला १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला आठ व्यावसायिक जमले आणि ओपन स्पर्धा सुरू झाली. पार्क १७४ फटक्यांत जिंकला. मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला.