पेटी आपली, आज्ञावली कोणाची?

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु घरांतील साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि हक्कांचे कित्येक मोठे तंटे अशा वस्तूंच्याच निमित्तानें झालेले आहेत. आज बारामती किंवा इंदापूर येथें कोणाच्याही घरीं जावें, तर भिंतीवर एक लहानशी पेटी टांगलेली आढळते. तिच्यावर दोन-चार दिवे लुकलुकत असतात. तिला आपण राउटर म्हणतों. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, विजेचें बिल, परगांवीं गेलेल्या लेकीसुनांशीं बोलणें, हें सारें या पेटींतून होतें. ती अडली कीं घर अडतें. आणि ती वरचेवर अडते ही तक्रारही घरोघर ऐकूं येते. या पेटीच्या आंत काय असतें, तें सदोष असल्यास आपणांस बदलतां येतें काय, आणि तसें करण्याचा हक्क लोकांना कसा मिळाला, याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम पेटीचें काम पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला नीरा डावा कालवा वीरहून निघून बारामती व इंदापूर तालुक्यांत येतो. कालव्याचें पाणी चारींत, चारींतून पोटचारींत आणि तेथून शेतांत जातें. कोणाची पाळी केव्हां हें पाटकरी पाहतो. राउटर हा घरांतला पाटकरी होय. बाहेरून तार एकच येते; घरांत दहा उपकरणें तहानलेलीं असतात. तारेंतून येणारी माहिती लहान लहान तुकड्यांनीं येते व प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. तो वाचून तुकडा योग्य जागीं पोंचविणें आणि दारांत पहारा ठेवणें, हीं दोन्ही कामें हा पाटकरी करतो. मात्र त्याला स्वतःची अक्कल नाहीं. ती आज्ञावलीच्या रूपानें त्याच्या स्मृतींत भरून ठेवावी लागते. या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

आपण दाम मोजून पेटी घेतों, पण तिची बुद्धि कारखानदाराच्या हातीं राहते. कारखानदाराचा नफा नवा नमुना विकण्यांत असतो. जुन्या नमुन्याच्या आज्ञावलींतील चुका दुरुस्त करीत बसण्यांत नसतो. म्हणून कांहीं वर्षांनीं दुरुस्त्या थांबतात. पेटी धडधाकट असते, पण तिच्या पहाऱ्यांतील भगदाडें तशींच राहतात. याचा परिणाम जगानें २०१८ सालीं पाहिला. त्या वर्षीं ‘व्हीपीएनफिल्टर’ नांवाच्या घातक आज्ञावलीनें चोपन्न देशांतील ५ लाखांहून अधिक राउटर व तत्सम यंत्रें आपल्या ताब्यांत घेतल्याचें उघडकीस आलें. त्यांपैकीं बहुतेक मालकांना आपल्या भिंतीवरील पेटी परक्याची चाकरी करीत आहे, याची गंधवार्ताही नव्हती.

यावर उपाय निघाला तो योगायोगानें, आणि त्याचें मूळ अमेरिकेंत आहे. तैवानहून तेथें गेलेल्या व्हिक्टर व जेनी त्साओ या दांपत्यानें १९८८ सालीं कॅलिफोर्नियांत लिंक्सिस नांवाची कंपनी काढली. २००२ च्या अखेरीस तिनें ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ हा निळाकाळा, दोन शिंगांचा राउटर बाजारांत आणला. तो इतका खपला कीं २००३ सालीं सिस्को या बलाढ्य कंपनीनें सुमारें ५० कोटि डॉलरांस लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षीं जून महिन्यांत अँड्र्यू मिक्लस नांवाच्या गृहस्थानें लिनक्सच्या रचनाकारांना कळविलें कीं, या पेटीच्या पोटांत तुमचेंच लिनक्स बसलेलें आहे.

याचें महत्त्व ध्यानीं येण्यास थोडें मागें जावें लागेल. लिनक्स ही संगणकाची मूलभूत आज्ञावली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिली आणि पुढें ती ‘जीपीएल’ या परवान्याखालीं लोकांना दिली. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रेरणेनें निघालेला आहे. त्याचें सार असें: ही आज्ञावली घ्या, बदला, विकाही, परंतु ज्याला ती द्याल त्याला तिची मूळ संहिताही मागतांच दिली पाहिजे. दान घेणाऱ्यानें तें आपल्यापाशीं कोंडून ठेवूं नये, एवढीच अट. आतां लिंक्सिसच्या पेट्या तैवानची एक कंपनी बनवीत असे आणि तींतील चिप ब्रॉडकॉमची असे. हातोहात आलेल्या मालाबरोबर ही अटही आली होती, पण शेवटच्या दुकानदारानें ती वाचलेली नव्हती! फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेनें व इतर जाणकारांनीं मागणी लावून धरल्यावर कंपनीनें २००३ सालींच मूळ संहिता प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

त्याच सुमारास जिज्ञासूंनीं पेटींत शिरण्याची एक वाटही शोधून काढली होती. दुसरें यंत्र हाकेला ओ देतें कीं नाहीं हें तपासण्यासाठीं पेटीच्या व्यवस्थापनाच्या पानावर एक रकाना होता. त्यांत काय लिहिलें जातें याची तपासणी होत नसे. तेथें पत्त्याऐवजीं आज्ञा लिहिली तर पेटी ती निमूटपणें पाळी. उत्तरपत्रिकेवर नांवाच्या रेघेवर मुलानें हुकूम लिहावा आणि पर्यवेक्षकानें तो अमलांत आणावा, तसलाच हा प्रकार!

संहिता हातीं येतांच २००४ च्या जानेवारींत ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा लोकांचा उपक्रम सुरू झाला. २००५ सालीं जर्मनीच्या सेबास्टियन गॉटशाल यांनीं ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ काढलें, आणि २००६ सालीं जोनाथन झराटे यांचें ‘टोमॅटो’ आलें. नांवांतील ‘डब्ल्यूआरटी’ हीं अक्षरें त्या पहिल्या पेटीचीच आठवण होत. देशोदेशींच्या, एकमेकांना कधीं न भेटलेल्या माणसांनीं हें काम केलें. दरम्यान २००४ सालीं म्यूनिकच्या न्यायालयानें हॅराल्ड वेल्टे यांच्या अर्जावरून सिटकॉम या राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला. परवान्याची अट कागदावरची शोभा नसून न्यायालयांत टिकते, हें त्यामुळें दिसून आलें. पुढें २००८ सालीं सिस्कोवरही फिर्याद झाली आणि २००९ मध्यें ती तडजोडीनें मिटली.

कारखानदारांची चाल मात्र बोधप्रद आहे. २००५ च्या उत्तरार्धांत त्या पेटीची पांचवी आवृत्ति निघाली. तींत स्मृति निम्मी केली होती आणि लिनक्स काढून तेथें दुसरी, बंदिस्त आज्ञावली घातली होती. पेटी स्वस्त पडली, पण गिऱ्हाईक नाराज झालें. तेव्हां कंपनीनें जुन्याच घडणीची लिनक्सयुक्त पेटी ‘डब्ल्यूआरटी ५४ जीएल’ या नांवानें वेगळी विकावयास काढली, आणि ती कित्येक वर्षें खपत राहिली. लोकांच्या आज्ञावलीमुळें माल खपतो, हें व्यापाऱ्यानें अशा रीतीनें कबूल केलें.

लोकांनीं केलेली आज्ञावली ही केवळ हौस नव्हे, याचें एक उदाहरण देतों. घरांत एकजण मोठें चित्र पाठवूं लागला कीं दुसऱ्याचें बोलणें तुटतें, हा अनुभव सर्वांचा आहे. दोष बहुधा तारेचा मानला जातो. जिम गेटिस यांनीं २०१० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, पुष्कळदां दोष पेटींतील फाजील मोठ्या रांगेचा असतो. आपल्या साखर कारखान्यांचें उदाहरण घ्या. गाळप रोज ठराविक टनांचेंच होतें. गाड्या ताटकळतात म्हणून गाडीतळ मोठा केला, तर गाळप वाढत नाहीं. रांग तेवढी लांबते आणि ऊस उन्हांत वाळतो. खरा उपाय म्हणजे रांग वाढूं लागतांच फडावर ‘तोड थांबवा’ असा निरोप धाडणें. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं सुचविलेली युक्ति हीच आहे. तुकडा रांगेंत किती वेळ तिष्ठला हें मोजावें, आणि तो वेळ वाढत चालला तर एखादा तुकडा गाळून पाठविणाऱ्याला मंद होण्याची सूचना द्यावी. तिला आणखी एक जोड मिळाली: प्रत्येकाची रांग निराळी ठेवावी, म्हणजे लहान गाडी मोठ्या गाड्यांमागें अडकत नाहीं. ही सुधारणा घरच्या पेट्यांवर पारखली गेली ती ओपन-डब्ल्यूआरटीच्या आधारें, आणि २०१८ सालीं ती इंटरनेटच्या तांत्रिक नियमपत्रांत नोंदली गेली.

आपल्या देशांतही या विद्येचा उपयोग लवकर झाला. २००५ च्या जानेवारींत भारत सरकारनें वायफायच्या लहरी घराबाहेर वापरण्यास परवान्याची गरज ठेवली नाहीं. लागलीच हिमाचलांतील धर्मशाळा येथें तिबेटी निर्वासितांच्या संस्थांनीं स्वस्त घरगुती राउटर घेऊन, त्यांची आज्ञावली बदलून, डोंगरउतारावर जाळें विणलें.

हा हक्क निर्वेध राहिला असें मात्र नाहीं. लहरींची मर्यादा ओलांडली जाऊं नये म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें केलेल्या नियमांमुळें २०१५ सालीं कारखानदार पेट्यांना कुलूपच घालतील अशी भीति उत्पन्न झाली. गाजावाजा झाल्यावर आयोगानें खुलासा केला. आणि २०१६ च्या ऑगस्टांत टीपी-लिंक कंपनीला मर्यादाभंगाबद्दल २ लाख डॉलर भरावयास लावतांना, परक्या आज्ञावलीला वाव ठेवण्याचें वचनही तिच्याकडून घेतलें.

लोकांच्या उपक्रमांतही दोष असतात. २०१६ सालीं ओपन-डब्ल्यूआरटींत फूट पडली. ती २०१८ च्या जानेवारींत सांधली गेली. २०२० सालीं तींतील एक गंभीर चूक उघडकीस आली. ती सुमारें तीन वर्षें तशीच राहिली होती. संहिता उघडी होती म्हणून ती कोणालाही शोधतां आली. पण उघडी असूनही तीन वर्षें कोणाच्या नजरेस पडली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं कांहीं गोष्टी पाळाव्या. तारवाल्या कंपनीनें दिलेली पेटी बहुधा तिच्याच मालकीची असते. तिला हात लावूं नये, तिच्यापुढें आपला स्वतःचा राउटर जोडावा. पेटीच्या बुडाशीं छापलेला नमुना व आवृत्ति आज्ञावलीशीं तंतोतंत जुळते कीं नाहीं, तें पाहावें. जुन्या, अल्पस्मृतीच्या पेट्यांवर आतांची आज्ञावली मावत नाहीं. ज्या पेटीपासून हा इतिहास सुरू झाला, तीही त्यांतच आली. भरणा चालू असतां वीज गेली तर पेटी निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून इन्व्हर्टरची सोय असल्याखेरीज आरंभ करूं नये. ज्यांना ही खटपट नको, त्यांच्यासाठीं २०२४ च्या नोव्हेंबरांत ओपन-डब्ल्यूआरटीनें स्वतःचीच पेटी ८९ डॉलरांस विक्रीस काढली आहे. कोणतीही पेटी घेतांना ‘दुरुस्त्या किती वर्षें मिळतील?’ एवढें दुकानदाराला विचारलें, तरी पुष्कळ साधेल.

इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा कारखाना एका उद्योगपतीनें उभारला. पुढें त्याच तालुक्यांत भवानीनगरला आणि बारामती तालुक्यांत माळेगांवला शेतकऱ्यांनीं सहकारी कारखाने काढले. कारखाना सभासदांचा झाला म्हणून तो आपोआप नीट चालत नाहीं. वार्षिक सभेस जाऊन ताळेबंद वाचणारे सभासद असतील, तरच तो त्यांचा राहतो. या आज्ञावलीची गोष्टही तशीच आहे. तिची संहिता सर्वांसाठीं खुली आहे, पण ती वाचणारे थोडे आहेत आणि त्यांत मराठी मुलें-मुली आणखी हव्या आहेत. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून एखादा जुना राउटर उघडून विद्यार्थ्यांपुढें ठेवला, तर त्या उणिवेची भरपाई करण्यास तेथूनच प्रारंभ होईल.