पाणलोट विकास : नांदेड व लातूर

ओढ्यानाल्याचे पाणलोट क्षेत्र हे एकक धरून माती व पाणी शिवारातच राखण्याची पद्धत. लातूर बालाघाटच्या पठारावर मांजरा-तेरणा खोऱ्यात, तर नांदेड गोदावरीकाठी वसले आहे. परंपरा जुनी आहे. कंधारचा जगत्तुंगसमुद्र हा तलाव राष्ट्रकूटकालीन. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव, नालाबांध व बांधबंदिस्तीची कामे निघाली.

इथला खडक बहुतांशी बेसाल्ट. त्यात पाणी फक्त भेगांत व झिजलेल्या थरात साठते. वरची काळी माती भिजली की फुगते, पाणी हळू मुरते आणि जोराच्या पावसात माती वाहून जाते. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे: डोंगरउतारावर समतल चर, शेतात बांध आणि सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी, शेवटी ओढ्यात बंधारा. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात मात्र नाला खोलीकरणालाच अवाजवी महत्त्व आले. माथा मोकळा सोडून नाला खोदला, तर गाळ पुन्हा तिथेच येतो. अभियान सुरू असतानाच एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१८पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प दोन्ही जिल्ह्यांत राबवला गेला. उसासाठी होणाऱ्या पाण्याच्या उपशाला आवर घालण्याचा प्रश्न कोणत्याही बंधाऱ्याने सुटलेला नाही.