बेकर, वेंकटरामन आणि तिसरं नाव

माझ्या पहिल्या पेपरला आजवर तीन सायटेशन्स मिळाली आहेत. त्यातली दोन आमच्याच लॅबची. घाटकोपरहून माटुंग्याला जाताना स्लो लोकलमध्ये विद्याविहार येईपर्यंत मी गूगल स्कॉलर उघडून आकडा पाहतो. आई विचारते, “किती जणांनी वाचला रे?” तेव्हा मोबाइल खिशात जातो.

हे मोजायचं खूळ तसं फार जुनं नाही. यूजीन गारफिल्डने १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये कल्पना मांडली, १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स आला. एच-इंडेक्स तर २००५चा: दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स असतील, तर एच दहा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांची उमेदीची वर्षं हा तराजू येण्याआधीच सरली होती.

१९०१ मध्ये मद्रासला जन्म, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सनच्या हाताखाली संशोधन, मग लाहोरचं फोरमन ख्रिश्चन कॉलेज. १९३४ मध्ये ते मुंबईत यूडीसीटीला आले (आजचं आयसीटी) आणि १९३८ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. रंगद्रव्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ ते १९७८ या काळात आठ खंडांत निघाला. मला मात्र त्यांची ओळख झाली ती एका रिअ‍ॅक्शनमुळे, तीही परीक्षेच्या आदल्या रात्री.

कांद्याच्या सालीतला पिवळेपणा ज्या कुळातल्या रेणूंमुळे येतो, त्याच कुळातले फ्लेवोन. ते लॅबमध्ये करायचे कसे? एका बेंझिन रिंगवर दोन शेजारी घ्या. एकाच्या ऑक्सिजनवर अ‍ॅसिल गट बसलेला, दुसरा अ‍ॅसिटिल. क्षार टाकला की अ‍ॅसिटिलच्या टोकाच्या कार्बनवरचा एक प्रोटॉन जातो, आणि तो कार्बन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनवरचा गट सरळ स्वतःकडे ओढून घेतो. चाळीत शेजारच्या गॅलरीतली खुर्ची आपल्या दारात यावी, तसं. मग आम्ल घातलं की रिंग बंद होते आणि फ्लेवोन तयार. (इथे क्षार काटेकोर अर्थाने उत्प्रेरक नाही, हे मला ठाऊक आहे. व्हायव्हात यावरूनच माझी शोभा झाली होती.)

विल्सन बेकर यांनी १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये हे दाखवलं. त्याच सुमारास वेंकटरामन यांनी स्वतंत्रपणे तेच केलं, सोडामाइड वापरून. म्हणून नाव पडलं बेकर-वेंकटरामन. आज कोणी ही रिअ‍ॅक्शन वापरली की हे नाव लिहितो आणि पुढे जातो. मूळ पेपरचा संदर्भ पुष्कळदा देतच नाही, द्यायची गरजच वाटत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय: कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा उगमच पुसला जातो. म्हणजे एखाद्याचं काम सगळ्यांच्या हातात असतं आणि त्याचा सायटेशनचा आकडा मात्र वाढत नाही. आकडेवारीवर माझा पहिला राग या जागी आला.

दुसरा राग जरा अवघड आहे, कारण तो आकड्यांवर काढता येत नाही. १९३४चा पेपर मी शोधून काढला. लेखक दोन: एच. एस. महल आणि के. वेंकटरामन. महल पहिले. रिअ‍ॅक्शनच्या नावात महल नाहीत. पाठ्यपुस्तकात नाहीत, माझ्या नोट्समध्येही नव्हते. फ्लास्कसमोर नक्की कोण उभं होतं हे पेपर सांगत नाही, पण आमच्याकडे कोण उभं असतं ते मला माहीत आहे.

त्या दिवशी माझ्या बॅगेत दुसऱ्या पेपरचा ड्राफ्ट होता. त्यातले सगळे कॉलम आमच्या ज्युनिअरने केलेले, दोन महिने, रात्री नऊ-नऊपर्यंत थांबून. तिचं नाव आभारात होतं. तिथे मीच टाकलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. कुर्ल्याला गर्दी आत घुसायच्या आधी मी सरांना मेल टाइप केला: लेखकांच्या यादीत एक नाव वाढवायचं आहे.